चांदीच्या धाग्यांचं बनियन

माणसाने छातीला काय लावू नये, हे लोकांना सांगण्यात माझी ओमानमधली पहिली वर्षं गेली. तेल लावू नका, पावडर लावू नका, अत्तर नको, बाम तर नकोच नको. वैद्यकीय उपकरणं विकणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनीयर होतो आणि हृदयाचे ठोके दिवसभर नोंदवणारी यंत्रं माझ्याकडे असत. नव्वदच्या दशकात हे यंत्र म्हणजे कॅसेटचा टेपरेकॉर्डरच होता. चामड्याच्या पिशवीत घालून तो पेशंटच्या कमरेला बांधायचा, छातीवर चिकट गोल पट्ट्या लावायच्या, त्यांच्या वायरी पिशवीत सोडायच्या आणि माणसाला त्याच्या कामधंद्याला जाऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी तो परत आला की टेप काढून बघायची. पुष्कळ टेपांत नुसती खरखर निघे. आपला भारतीय माणूस आंघोळ करू नका म्हटलं तर एक वेळ ऐकेल, पण आंघोळ नाही म्हणून दुप्पट पावडर थापून येईल. ओमानी म्हातारे लोबानाच्या धुरीवर धरलेला दिशदाशा, म्हणजे त्यांचा पायघोळ झगा, घालून आणि गळ्याखाली अत्तर चोळून यायचे. पट्ट्या सुटून पोटावर लोंबत असायच्या. मी चिडायचो. एक डॉक्टर मला म्हणाले होते, तू असा चिडतोस की जणू तुझं यंत्र बिघडवायलाच ही माणसं आजारी पडलीत.

चिडून घरी गेलो की ते ऐकून घ्यायला तेव्हा बायको होती. आम्ही रुवीत राहायचो. मुलगी इंडियन स्कूलमध्ये जायची, मैत्रिणींशी इंग्रजीत बोलायची आणि फोनवर आजीशी मराठी बोलताना दर शब्दाला अडायची. एकदा आजीने विचारलेलं तिला कळलंच नाही आणि तिने फोन माझ्या हातात दिला. बायकोने ते मनाला लावून घेतलं. एका उन्हाळ्याच्या सुटीत दोघी नागपूरला गेल्या, मुलीचं नाव तिथल्या शाळेत घातलं आणि दोघी तिथेच राहिल्या. त्यात भांडण नव्हतं. ठरवून केलेली गोष्ट होती, आणि ठरवताना मीही मान हलवली होती.

मग मी मोठं घर सोडून हमरियात एक खोली घेतली. त्या घरात दोन खोल्या, मध्ये एक स्वयंपाकघर, एक बाथरूम. दुसऱ्या खोलीत वसईचे एक ख्रिश्चन गृहस्थ राहत, वयाने माझ्यापेक्षा मोठे. एका मोठ्या हॉटेलची लाँड्री त्यांच्या हाताखाली होती. सगळी बिल्डिंग त्यांना मास्तर म्हणायची. फ्रीजमधला वरचा कप्पा त्यांचा, खालचा माझा. शेगडीचा डावा बर्नर त्यांचा, उजवा माझा. जिन्यात गाठ पडली तर आम्ही गुड मॉर्निंग म्हणायचो, ते संध्याकाळी असलं तरी. मला फार एकटं वाटायचं आणि त्याचा रागही यायचा. हमरिया एकट्या पुरुषांनी भरलेली होती, मग मीच कोण मोठा लागून गेलो, असं स्वतःला बजावायचो. त्याने काही फरक पडत नसे.

पहिल्यांदा पडलो तो बरक्याला. तिथल्या एका दवाखान्यात मशीन दुरुस्त करून मासळीबाजारात गेलो होतो. सुरमई बघत उभा होतो तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधार आला. पुढचं आठवतं ते एवढंच, की माझा गाल ओल्या फरशीवर होता आणि भोवती माणसं जमली होती. एका ड्रायव्हरने पाणी पाजलं. "गर्मी है, भाई," तो म्हणाला. मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

दुसऱ्यांदा पडलो तो घरात, स्वयंपाकघरात. शुद्धीवर आलो तेव्हा उजव्या बर्नरवर डाळ करपून काळी झाली होती आणि धूर भरला होता. मास्तर ड्यूटीवर होते. मी उठलो, गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि पातेलं घासत बसलो. बरक्याला निदान चार माणसं जमली होती. इथे मी उठलोच नसतो तर कुणाला कळलं असतं, याचा विचार मी पातेलं घासता घासता केला. मास्तरांना कळलं असतं, ड्यूटीवरून आल्यावर चहा ठेवायच्या वेळी. त्या दिवशी मी घाबरलो.

रुवीतल्या डॉक्टरांकडे गेलो. मी चिडतो म्हणणारे ते हेच. माझंच यंत्र त्यांनी माझ्या छातीला लावलं. आता ते टेपवर नाही, चिपवर नोंदवायचं, एवढाच काय तो फरक. दिवसभराची नोंद स्वच्छ निघाली. पण डॉक्टर खूश नव्हते. पडणं रोज होत नाही, म्हणाले, ज्या दिवशी होईल त्या दिवशी यंत्र अंगावर हवं. हृदय मध्येच थांबत असेल तर ते कधीतरी कायमचं थांबेल, आणि नुसत्या अंदाजावर ते माझ्या छातीला चाकू लावणार नव्हते. बायकोला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती एकच म्हणाली असती, निघून या. मुलीचं शिक्षण माझ्या या नोकरीवर चाललं होतं. म्हणून मला पडण्याचं कारण शोधायचं होतं, आणि तेही मी कुठेतरी एकटा कायमचा पडून राहायच्या आत.

त्याच सुमारास कंपनीकडे परदेशातून एक नमुना आला होता. दिसायला साधं पांढरं बनियन, पण आतून छातीवर करडे चौकोन विणलेले. त्या चौकोनांत चांदीचा मुलामा दिलेले धागे होते. चिकट पट्ट्या नकोत, लोंबत्या वायरी नकोत. चांदीचा धागा कातडीला टेकून ठोका टिपायचा आणि शिवणीतून तो कमरेजवळच्या डबीपर्यंत न्यायचा. चौकोन ओले असले तरच ते काम करी. बाहेरच्या उकाड्यात घाम होताच, पण ऑफिसातल्या एसीत मला बाथरूममध्ये जाऊन छातीवर पाणी लावावं लागे. बनियन अंगाला घट्ट बसायचं. घालताना गार वाटायचं आणि मग हळूहळू अंगाएवढं गरम व्हायचं. कितीतरी दिवसांत मला एवढ्या जवळून कशाचाच स्पर्श झाला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, नमुना तपासायचाच आहे ना, मग तूच घाल. अडचण एकच होती. डबी सतत लिहायची आणि सतत जुनं पुसायची. चक्कर आल्यावर बटण दाबलं तरच आधीची काही मिनिटं जपून राहत. "तू पडलास तर बटण कोण दाबणार?" डॉक्टरांनी विचारलं. "घरी कोण आहे?"

"आहेत," मी म्हटलं.

मास्तरांना विचारायला मला दोन कप चहा लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बटणाकडे न बघता आधी बनियनचं कापड अंगठ्याखाली चोळून पाहिलं.

"चांदी?" ते म्हणाले.

"चांदीच."

"आपल्या हाटेलात शेख लोक येतात, पण चांदीचं बनियन अजून नाय बघितलं." मग म्हणाले, "दाबीन की बटण. त्यात काय? तुमी फक्त मी घरात असताना पडा म्हणजे झालं."

एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आमचं पुन्हा गुड मॉर्निंग सुरू झालं.

मग इब्र्याहून फोन आला. तिथल्या हॉस्पिटलात मशीन बंद पडलं होतं आणि मला ताबडतोब निघावं लागलं. बनियन नुकतंच हाताने धुऊन स्वयंपाकघरात दोरीवर टाकलं होतं, ओलंच होतं, म्हणून ते तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी परत आलो तर ते माझ्या पलंगावर ठेवलेलं. कडक इस्त्री केलेलं, आत पुठ्ठा घालून घडी केलेलं, वरून हॉटेलची पारदर्शक पिशवी. मास्तर दारात उभे होते. त्यांचा चेहरा फुलला होता.

"बगलेत पिवळं पडलं होतं, इंजिनीयर. घामाचा वास पण मारत होता. म्हटलं, आपल्या घरातलं कापड असं बरं नाय दिसत. हाटेलात नेलं. फुल ट्रीटमेंट. गरम पाणी, ब्लीच, स्टार्च, स्टीम प्रेस. धागे पण लोंबत होते इकडेतिकडे, ते कापून टाकले. बघा, नवीन झालं का नाय?"

बनियन खरोखर नवीन झालं होतं. एवढं पांढरं ते कारखान्यातून निघतानाही नसेल. फक्त करडे चौकोन काळेतपकिरी पडले होते, आणि लोंबणारे म्हणून कापलेले धागे नेमके शिवणीतून निघून डबीला जोडायचे होते. ब्लीच लावू नका, इस्त्री करू नका असं मानेजवळच्या लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं. ते लेबल मानेला टोचतं म्हणून मास्तरांनी उसवून काढलं होतं.

तरी मी ते घातलं, डबी लावली आणि कॉम्प्युटरला जोडून बघितलं. स्क्रीनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ.

"हे काय?" मास्तरांनी मागून विचारलं.

"हा मी," मी म्हटलं. "मेलेला."

मी भयंकर चिडलो होतो. अख्ख्या ओमानमध्ये तसं दुसरं बनियन नव्हतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझा राग तोंडातल्या तोंडातच राहिला. ते स्टुलावर बसले. बनियन मांडीवर घेऊन काळ्या चौकोनावरून अंगठा फिरवत राहिले.

"माझ्या हातून कापड कधी मेलं नाय," ते म्हणाले. आणि मग, "आता तुमी पडलात तर?"

कंपनीला मी कळवलं की हे वस्त्र हॉटेलच्या धुलाईत टिकत नाही. परदेशातून नम्र उत्तर आलं की तसं लेबलवर लिहिलेलं आहे. दुसरा नमुना काही आला नाही. डबी मात्र शाबूत होती. तिला जुन्या चिकट पट्ट्या आणि वायरी जोडता येत होत्या, म्हणून मी पुन्हा पट्ट्यांवर आलो. पट्ट्या रोज बदलाव्या लागत. पहिल्या दिवशी आरशात बघून लावताना माझी धांदल उडाली होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. मास्तर हात साबणाने धुऊन, बाह्या वर सारून आले होते.

"द्या इकडे," ते म्हणाले. "कापड मी मारलं, तर काम मीच करणार."

तेव्हापासून ते रोज सकाळी येऊ लागले. आधी कापसाने स्पिरिट लावायचे, ते सुकू द्यायचे, मग पट्टी ठेवून तळहाताने दाबून धरायचे. इस्त्री करणाऱ्या माणसाचा हात तो, जड आणि गरम. दाबून धरल्यावर सोडायची घाई त्यांना नसे, आणि तेवढा वेळ ते बोलत. वसईची केळीची बाग, तिच्यात उभ्या राहिलेल्या बिल्डिंगा, फोनवर सीरियलची गोष्ट सांगत बसणारी बायको. मी नागपूरचं सांगायचो, मुलीचं सांगायचो. लाज वाटते कबूल करायला, पण मी त्या टकटकीची वाट बघत आधीपासून शर्ट काढून बसायचो.

हळूहळू बर्नरची वाटणी संपली. शुक्रवारी ते चर्चहून परत आले की आम्ही एकत्र जेवायचो. माझा वऱ्हाडी रस्सा खाताना त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं. "हे जेवण आहे का शिक्षा?" असं म्हणत ते परत वाढून घ्यायचे. माझ्या खोलीचं दार आता उघडं असायचं आणि त्यांचंही.

अशाच एका शुक्रवारी जेवताना मी पडलो. मला तर घास हातात घेतल्याचंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो, डोक्याखाली मास्तरांची उशी होती आणि मास्तर गुडघ्यांवर बसून माझ्या कमरेच्या डबीचं बटण दाबत होते. त्यांनी ते एकदा दाबलं नव्हतं. मी डोळे उघडेपर्यंत दाबत राहिले होते, आणि उघडल्यावरही दाबतच होते. "बास, मास्तर, बास," मी म्हटलं तेव्हा थांबले. मग उठून तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

डबीत एकच घटना पुन्हा पुन्हा साठलेली होती. डॉक्टर हसले. मग गंभीर होऊन त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. ठोके नीट चालले होते, आणि मध्येच सरळ रेघ. चांगली लांब. पुन्हा ठोके. त्या रेघेचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. या वेळी कापड मेलेलं नव्हतं.

लवकरच माझ्या छातीत पेसमेकर बसला. हृदय अडखळलं की ते आतून ढकलतं. बटण नाही, पट्ट्या नाहीत. "आता तुझ्याजवळ कुणी बसायची गरज नाही," डॉक्टर मला म्हणाले. चांगली बातमी होती ती, आणि मी त्यांना तोंडभर थँक यू म्हटलं.

घरी आल्यावर बायकोला फोन केला. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "अन् तुम्ही मला आता सांगून राहिले? काऊन? मी कोणीच नाही का तुमची?" ती रडली. रडणं थांबल्यावर तिने विचारलं, "जवळ कोण होतं?" मी मास्तरांचं सांगितलं. तिने त्यांना फोन द्यायला लावलं. मास्तर उभे राहून बोलले. "वहिनी, टेन्शन घेऊ नका. मी आहे ना. बाजूच्याच खोलीत आहे." फोन परत माझ्याकडे आला तेव्हा तिचा आवाज पुष्कळ बरा होता. "ते भाऊ आहेत म्हणून मी गप्प राहते," ती म्हणाली. "नाही तर आत्ता बॅग भरायला लावली असती तुम्हाला."

काही महिन्यांनी मास्तरांच्या हॉटेलच्या मालकाने सलालाला नवं हॉटेल काढलं आणि तिथली लाँड्री बसवायला मास्तरांना पाठवलं. स्टाफ क्वार्टर्स तिथेच होत्या. "अर्बाब बोलला, यल्ला, चला निघा," ते म्हणाले. "आपण काय बोलणार?" त्यांचं सामान एका टॅक्सीत मावलं. जाताना त्यांनी माझ्या छातीवर, पेसमेकर आहे तिथे, तळहात ठेवला, नेहमीसारखा दाबून, पण सवयीपेक्षा लवकर काढून घेतला. सुरुवातीला फोन यायचे. मग ते सलालाहूनच वसईला कायमचे गेले. तिथला नंबर त्यांच्याकडून द्यायचा राहिला, की माझ्याकडून घ्यायचा राहिला, काय माहीत. त्यांच्या खोलीत दुसरा कुणी यायला नको म्हणून तीही मीच भाड्याने घेतली. त्या खोलीत मी काही ठेवलं नाही. तिचं दार बंद असलं की स्वयंपाकघरात जरा बरं वाटायचं.

ते गेल्यावर पहिल्याच फोनवर बायकोने विचारलं, "भाऊ आहेत ना?" सांगायचंच होतं मला. पण मुलीचं बारावीचं वर्ष होतं, आणि बायको नुकतीच कुठे शांत झोपायला लागली होती. "आहेत," मी म्हटलं. "ड्यूटीवर गेलेत." पुढच्या वेळी ते चर्चला गेले होते. त्याच्या पुढच्या वेळी आंघोळ करत होते. हळूहळू मला सवय झाली. मास्तरांना सर्दी व्हायची, मास्तरांचं मॅनेजरशी वाजायचं, मास्तर माझ्यावर चिडायचे की मी वेळेवर जेवत नाही. तिला हे सगळं आवडायचं. खरं सांगायचं तर मलाही आवडायचं. फोन ठेवल्यावर मात्र घर आधीपेक्षा जास्त रिकामं व्हायचं.

एका दिवाळीनंतर ऑफिसातला एक जण नागपूरहून परत आला तेव्हा तिने त्याच्याबरोबर चिवडा पाठवला. दोन पिशव्या होत्या. एक माझी, आणि दुसरी, रंगीत रिबिनीने बांधलेली, भाऊंची. आधी माझी पिशवी संपवली. दुसरी बरेच दिवस तशीच ठेवली, मग ती सोडली. चिवडा उत्तम झाला होता. मी उभ्या उभ्याच खाल्ला, मूठ मूठ, स्वयंपाकघरात.

"भाऊंना आवडला का?" तिने फोनवर विचारलं.

"खूप आवडला." एवढ्याने तिचं समाधान होणार नाही हे मला माहीत होतं. "पण म्हणाले, तिखट जरा जास्त आहे."

ती हसली. "सांगा त्यांना, पुढच्या खेपेला त्यांचा वेगळा करीन."

"सांगतो," मी म्हटलं.